लाउडनमध्ये माणसं आधी आली की ड्रेनेज लाइन?

प्रश्न विचारणाऱ्या गृहस्थांचं घर अमेरिकेत, वॉशिंग्टन शहराजवळच्या ॲशबर्नमध्ये आहे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: "व्हर्जिनियातल्या आमच्या लाउडन काउंटीची लोकसंख्या आता पूर्वीसारखी धावत नाही असं वाचतो, तरी घरामागचं प्रत्येक मोकळं शेत खोदायला घेतलंय. गाडी पश्चिमेला अर्धा तास नेली की घोडे आणि द्राक्षमळे. इकडे टाउनहाउसं एकमेकांना चिकटवून उभी करतात, तिकडे वीस-वीस एकरांत एक घर. हे ठरवलं कोणी? आणि पश्चिमेला पाच-दहा एकर घेऊन ठेवावेत का?"

मी याच भागात जमीनवापराच्या नियोजनाचं काम करतो. काउंटीच्या नोकरीत नाही, त्यामुळे जरा मोकळेपणाने लिहितो.

लोकसंख्या वाढली म्हणून शेतांची घरं झाली, असं सगळेच म्हणतात. लाउडनमध्ये क्रम बराचसा उलटा आहे. सांडपाण्याची लाइन कुठवर न्यायची, कुठल्या जमिनीवर काय बांधायचा हक्क द्यायचा आणि कुठल्या बांधकामातून काउंटीला जास्त कर मिळतो, या तीन गोष्टी आधी ठरल्या. माणसं त्यानंतर आली, आणि जिथे येऊ दिलं तिथेच आली.

आकडे बघा. 1850 च्या जनगणनेत लाउडनची वस्ती 22,079 होती, 1950 मध्ये 21,147. शंभर वर्षांत माणसं वाढायच्या ऐवजी हजारभर कमीच झाली. मका, गवत, गुरं आणि दूध हा सगळा कारभार. दूध रेल्वेने वॉशिंग्टनला जायचं. ती वॉशिंग्टन अँड ओल्ड डोमिनियन रेल्वे 1968 मध्ये बंद पडली, म्हणजे उपनगरं वाढायला लागली नेमकी तेव्हा. आज तुम्ही ज्या ट्रेलवर सायकल चालवता तो तिचाच मार्ग. पुढे 2022 च्या नोव्हेंबरमध्ये अब्जावधी डॉलर खर्चून मेट्रोची सिल्व्हर लाइन ॲशबर्नपर्यंत आणावी लागली.

1970 मध्ये 37,150, 1980 मध्ये 57,427, 1990 मध्ये 86,129, 2000 मध्ये 1,69,599, 2010 मध्ये 3,12,311 आणि 2020 मध्ये 4,20,959. शेवटच्या तीन दशकांची वाढ टक्क्यांत मांडली तर 97, 84 आणि 35. ही घसरण बघून "वेग मंदावला" अशी बातमी होते. पण टक्के शाळेत बसत नाहीत की सिग्नलला थांबत नाहीत, माणसं थांबतात. माणसांचा हिशेब केला तर नव्वदच्या दशकात वर्षाला सरासरी 8,300 माणसं वाढली, 2000 नंतरच्या दशकात 14,300 आणि 2010 नंतरच्या दशकात 10,900. म्हणजे "मंदावलेल्या" दशकातसुद्धा धावत्या नव्वदीपेक्षा जास्त माणसं आली. 2020 नंतर मात्र वाढ खरोखरच उतरली आहे, आणि शाळांचे पटही थबकले आहेत. तरी खोदकाम चालूच आहे, कारण आता जे खोदलं जातंय त्यातलं बरंचसं माणसांसाठी नाहीच. त्याच्याकडे पुढे येतो.

आधी ड्रेनेज. 1958 मध्ये अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी राजधानीच्या नव्या विमानतळासाठी लाउडन आणि फेअरफॅक्स या दोन काउंट्यांच्या सीमेवरची शेतजमीन निवडली. 1962 च्या नोव्हेंबरमध्ये केनेडींच्या हस्ते डलेस विमानतळाचं उद्‌घाटन झालं. विमानतळ सगळे लक्षात ठेवतात, त्याच्या संडासांचा विचार कोणी करत नाही. त्या काळी इथे साधं गावठाणाएवढंही ड्रेनेज नव्हतं. विमानतळाचं सांडपाणी वॉशिंग्टन शहराच्या ब्लू प्लेन्स शुद्धीकरण केंद्रापर्यंत न्यायला पोटोमॅक इंटरसेप्टर नावाची प्रचंड मलवाहिनी टाकली गेली, आणि ती एकट्या विमानतळाच्या मापाची नव्हती. वाटेतल्या वस्त्यांचं पाणी घ्यायची क्षमता तिच्यात ठेवलेली होती. वस्त्या तेव्हा नव्हत्या, लाइन मात्र होती. स्टर्लिंग पार्क ही लाउडनची पहिली मोठी उपनगरी वसाहत साठीच्या दशकाच्या सुरुवातीला विमानतळाच्या कुशीतच उभी राहिली, हा योगायोग नव्हता. लाउडनची पाणी आणि सांडपाण्याची स्वतंत्र संस्थासुद्धा 1959 मधली, म्हणजे काउंटीत जेमतेम पंचवीस हजार माणसं असतानाची.

ड्रेनेज नसतं तर काय झालं असतं? पूर्व लाउडनची जमीन म्हणजे लाल शेल आणि डायबेस. वर चिकट माती, खाली कातळ. अशा जमिनीत सेप्टिक टँकचं पाणी मुरत नाही. म्हणजे आज जिथे एकरात आठ-दहा टाउनहाउसं बसतात, तिथे ड्रेनेजशिवाय कित्येक एकरांत एक घर बसवायलाही घाम फुटला असता. पश्चिमेला, कॅटॉक्टिनच्या डोंगररांगेपलीकडे, जमीन बरी आहे आणि पाणी मुरतं. गंमत अशी की मुळात घरांना सोयीची जमीन पश्चिमेची, पण लाइन पूर्वेला आली म्हणून शहर पूर्वेला झालं.

सेप्टिकसाठी जमीन कशी तपासतात ते सांगतो, कारण पश्चिमेला जागा घ्यायची तर तुमची गाठ याच गोष्टीशी पडणार आहे. बॅकहोने माणूस उतरेल एवढा खोल खड्डा घेतात. माती तपासणारा तज्ज्ञ आत उतरतो, भिंतीतली माती चाकूने खरवडतो, बोटांत मळून बघतो आणि रंगांच्या पुस्तिकेशी ताडतो. माती खोलवर एकसारखी तांबूस-तपकिरी असेल तर निचरा चांगला. तिच्यात करडे ठिपके दिसले की समजायचं, वर्षातून काही महिने इथे पाणी तुंबतं, मग वरून कितीही कोरडं दिसो. असे बरेच खड्डे घेऊन झाले की कुठे ड्रेनफिल्ड, म्हणजे सेप्टिकचं पाणी मुरवायची जागा, बसेल आणि पहिलं निकामी झालं तर दुसऱ्यासाठी राखीव जागा कुठे, ते नकाशावर येतं. झोनिंगने, म्हणजे कुठल्या जमिनीवर काय आणि किती बांधायचं या नियमांनी, कागदावर पंधरा प्लॉट दिले आणि मातीने नऊच दिले, तर नऊच होतात.

पण याच तपासणीची एक वाईट बाजू आहे, आणि तिच्याबद्दल काउंटीच्या निवडून आलेल्या बोर्डापुढे फार उशिरा बोललं गेलं. जी माती पाणी नीट मुरवते तीच शेतीला सगळ्यात चांगली. त्यामुळे शेताचे प्लॉट पाडताना घरं जातात उत्तम मातीवर, आणि "जतन केलेली मोकळी जागा" म्हणून उरतं ते ओढ्याकाठचं दलदलीचं नाहीतर खडकाळ रान. नकाशावर हिरवा रंग भरपूर दिसतो, पण त्या हिरव्यात पिकवणार काय?

आता झोनिंग. लाउडनचा सध्याचा सर्वंकष आराखडा 2019 चा. ढोबळमानाने काउंटीचे पट्टे असे: पूर्वेला उपनगरी, त्यातच मेट्रो स्टेशनांभोवती शहरी, मध्ये संक्रमणाचा आणि पश्चिमेला ग्रामीण. ग्रामीण पट्टा काउंटीच्या सुमारे दोन-तृतीयांश भागावर पसरलेला आहे. त्या पट्ट्यात सार्वजनिक ड्रेनेज न्यायचं नाही हे धोरण आहे. तुम्हाला रस्त्याने जाताना एका ठिकाणी टाउनहाउसं संपून एकदम कुरणं लागतात ती याच रेषेमुळे. छोटी गावं, म्हणजे पर्सेलव्हिल, राउंड हिल, लव्हेट्सव्हिल वगैरे, यांना त्यांची स्वतःची पाणी-ड्रेनेज व्यवस्था आहे. त्यामुळे गावाने शेजारची शेतं आपल्या हद्दीत घ्यायची म्हटली की पश्चिमेत लगेच वादळ उठतं. हद्दवाढ म्हणजे ड्रेनेज आणि ड्रेनेज म्हणजे घरं, हे तिथल्या लोकांना कोणी समजावून सांगायला लागत नाही.

ही रेषा एकमताने आखलेली नाही. आधी पश्चिमेत ए-3 नावाचं झोनिंग होतं: तीन एकरांत एक घर. ऐकायला विरळ वाटतं, पण जमीन गिळायला याच्यासारखा नियम नाही. तीन एकरांत शेती होत नाही आणि एवढी बाग कोणाला राखता येत नाही, शेवटी राइडिंग मोवरवर बसून शनिवार घालवायचा. 1999 च्या निवडणुकीत वाढ आवरा म्हणणाऱ्यांचं बोर्ड आलं. त्यांनी 2003 च्या जानेवारीत पश्चिमेचं झोनिंग एकदम विरळ केलं. जमीनमालक आणि बिल्डर कोर्टात गेले, दाव्यांचा ढीग लागला. मार्च 2005 मध्ये व्हर्जिनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने ते झोनिंग रद्द केलं. कारण काय, तर जनसुनावणीच्या जाहीर सूचनेत बदलांचं वर्णन अपुरं होतं. वर्षानुवर्षांचं काम नोटिशीच्या मजकुरावर पडलं! तीन एकरांचा नियम पुन्हा जिवंत झाला आणि 2006 च्या डिसेंबरमध्ये तडजोडीचे नवे नियम येईपर्यंत चालला. दरम्यान 2003 ला वाढीच्या बाजूचं बोर्ड आलं होतं, 2007 ला लोकांनी तेही बदललं, 2011 ला पुन्हा उलटं. इथे मतदार दर काही वर्षांनी एकदा बिल्डरवर चिडतात आणि एकदा प्रॉपर्टी टॅक्सवर.

सध्या उत्तर-पश्चिमेत एआर-1 आणि दक्षिण-पश्चिमेत एआर-2 आहे. एआर-1 मध्ये साधा हिशेब वीस एकरांत एक घर. पण घरं एका कोपऱ्यात गोळा करून बाकीची 70 टक्के जमीन मोकळी ठेवणार असाल तर पाच एकरांत एक. तीनशे एकरांचं शेत धरा. जुन्या ए-3 मध्ये त्यावर शंभर घरं झाली असती आणि शेत पूर्ण संपलं असतं. वीस एकरांच्या हिशेबात पंधरा घरं. गोळा करून बांधली तर साठ घरं, नव्वद एकरांत, आणि दोनशे दहा एकर मोकळे, वर सांगितलेल्या मातीच्या भानगडीसकट. हेच तीनशे एकर पूर्वेला ड्रेनेजवर असते तर दोन हजारांवर टाउनहाउसं बसली असती. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की पूर्वेच्या ब्रॅम्बलटन वसाहतीतल्या दाटीला नावं ठेवणाऱ्यांनी ती दाटी मोडली तर तेवढी घरं कुठे पसरतील, याचा नकाशा एकदा काढून बघावा.

झोनिंग बदललं तरी काही जमिनी त्याच्या पलीकडे गेल्या आहेत. मालक विकासाचा हक्क कायमचा सोडून देतो, त्या बदल्यात राज्य आयकरात सवलत देतं, आणि करार जमिनीला चिकटतो, मालक कितीही बदलोत. व्हर्जिनियात ही सवलत सोडलेल्या किमतीच्या 40 टक्के असते आणि ती दुसऱ्याला विकताही येते. मिडलबर्गच्या आसपासच्या मोठ्या घोड्यांच्या इस्टेटी अशाच बांधून ठेवलेल्या आहेत. श्रीमंतांची सोय आहे हे खरं, पण बोर्ड बदललं तरी न हलणारी पश्चिमेतली एकमेव गोष्ट तीच आहे.

आता पैसा. लाउडनच्या जमिनीवर काय उभं राहतं हे समजायला बाकी सगळं सोडून काउंटीचं बजेट वाचलं तरी चालेल.

मुलंबाळं असलेलं घर काउंटीला महाग पडतं. त्या घराच्या प्रॉपर्टी टॅक्समधून त्याच्या शाळेचा खर्च निघत नाही. 2000 च्या सुमाराला इथल्या सरकारी शाळांत तीस हजारांच्या आसपास मुलं होती. वीस वर्षांत ती ऐंशी हजारांच्या वर गेली. दर वर्षी नव्या शाळा, त्यासाठी कर्जरोखे, कर्जासाठी कर. व्हर्जिनियात काउंटीला राज्याने जेवढे अधिकार दिले तेवढेच असतात, आणि नव्या घरामागे शाळेसाठी सरसकट शुल्क लावायचा अधिकार त्यांत नाही. म्हणून प्रॉफर निघाले. डेव्हलपरला झोनिंग बदलून हवं असेल तर तो "स्वखुशीने" देऊ करतो: शाळेला अमुक एकर, दर घरामागे अमुक डॉलर, रस्त्याचा अमुक तुकडा. स्वखुशी कशी असते ते आपल्या लोकांना सांगायला नको. 2016 मध्ये राज्याने निवासी प्रॉफरवर कडक बंधनं घातली, 2019 मध्ये ती थोडी सैल केली.

प्रॉफर कसे दिसतात ते बघायचं असेल तर पूर्व लाउडनच्या कुठल्याही थोड्या जुन्या रस्त्याचा इतिहास काढा. वसाहतीसमोर चार लेन, मधला दुभाजक, फुटपाथ, झाडं. वसाहत संपली की रस्ता एकदम दोन लेनचा, कडेला गवताचा चर, कारण तिथल्या म्हाताऱ्याने शेत विकलेलं नसतं. पुढची वसाहत लागली की पुन्हा चार लेन. प्रत्येकाने आपापल्या दारापुरता रस्ता केला. त्यात भर म्हणजे 1932 पासून व्हर्जिनियातल्या बहुतेक काउंट्यांचे रस्ते राज्याच्या ताब्यात आहेत. घरांना परवानगी काउंटी देणार, रस्ता राज्य बांधणार, आणि दोघांच्या वेळापत्रकांची कधी गाठ पडणार नाही. गेल्या दहा-पंधरा वर्षांत काउंटीने स्वतःचा पैसा ओतून मधले तुकडे सांधत आणले आहेत.

तर घर तोट्याचं, ऑफिस फायद्याचं, हा हिशेब नव्वदीपासून प्रत्येक बोर्डाच्या डोक्यात पक्का आहे. 1996 मध्ये एओएलने मुख्यालय डलेसला आणलं, मागोमाग इंटरनेटच्या कंपन्या आल्या, फायबरचं जाळं जमिनीखाली पसरलं. इक्विनिक्स या डेटा सेंटर चालवणाऱ्या कंपनीने नव्वदीच्या शेवटी ॲशबर्नमध्ये केंद्र उघडलं. डॉट-कॉमचा फुगा फुटला, कंपन्या बुडाल्या, फायबर तिथेच राहिलं. ते राहिलं म्हणून डेटा सेंटरं आली. पुन्हा तीच गोष्ट: आधी लाइन, मग बाकीचं.

आज लाउडनमध्ये डेटा सेंटरांचं बांधकाम तीन कोटी चौरस फुटांच्या कितीतरी पुढे गेलंय. जगात एका जागी एवढं कुठेही नाही. काउंटीला त्यातून इमारतीवर कर मिळतोच, पण खरी मलई आतल्या सर्व्हरवर लागणाऱ्या मालमत्ता कराची. यंत्रं दर काही वर्षांनी बदलतात, म्हणजे नवी, महाग यंत्रं पुन्हा करपात्र. काउंटीचा स्वतःचा हिशेब असा की डेटा सेंटरला 1 डॉलरची सेवा द्यावी लागते तेव्हा 26 डॉलर कर येतो. तिथे मूल जन्मत नाही, शाळा लागत नाही, वर्दळ नाही. तुमच्या घरावरचा कराचा दर 2012 च्या सुमारास शंभर डॉलरमागे 1.20 डॉलरच्या वर होता, 2025 मध्ये तो 80.5 सेंटवर आला. घराची किंमत वाढल्यामुळे बिल कमी झाल्यासारखं वाटत नसेल, पण डेटा सेंटरं नसती तर ते किती असतं याचा विचार करा. घरामागच्या भिंतीकडे बघून चिडणारा आणि टॅक्सचं बिल बघून सुस्कारा टाकणारा माणूस एकच असतो, म्हणून कुठल्याच बोर्डाला यावर सरळ भूमिका घेता आलेली नाही.

तुमच्या घरामागचं शेत का खोदलं जातंय, याचं उत्तर इथे आहे. ऑफिस आणि हलक्या उद्योगांसाठी राखलेल्या पुष्कळ जमिनींवर डेटा सेंटर "बाय-राइट" होतं: नियमांत बसलं की जनसुनावणी नाही, बोर्डाचं मत नाही, फक्त नकाशे मंजूर करून घ्यायचे. त्यामुळे जमिनीचा भाव एकरी दहा-वीस लाख डॉलर आणि त्याच्याही वर गेला. त्या भावात घरं बांधणं कोणाला परवडणार? मेट्रो आल्यावर स्टेशनांभोवती उंच निवासी इमारती होतील, तरुणांना लहान घरं मिळतील, अशी 2019 च्या आराखड्याची अपेक्षा होती. काही झाल्यासुद्धा. पण आसपासच्या बऱ्याच जमिनीवर खिडक्या नसलेले ठोकळे आले. जगातल्या कुठल्याही नियोजनाच्या पुस्तकात बसणार नाही असं दृश्य आहे: मेट्रो स्टेशनच्या आजूबाजूला अशा इमारती, जिथे जाणारं कोणी नाही.

2022 च्या जुलैमध्ये डोमिनियन या वीज कंपनीने पूर्व लाउडनला पुरेशी वीज वाहून आणता येत नसल्याचं जाहीर केलं, आणि पाण्या-ड्रेनेजनंतर आता विजेची लाइन हा नवा लगाम झाला. तेव्हापासून उच्चदाबाच्या तारा कुणाच्या अंगणावरून जाणार यावर भांडणं सुरू आहेत. 2025 च्या मार्चमध्ये बोर्डाने डेटा सेंटरचा बाय-राइट हक्क काढून टाकला. आता प्रत्येकाला सुनावणीला सामोरं जावं लागतं. मात्र आधी दाखल झालेल्या काही अर्जांना सूट मिळाली, त्यामुळे पुढची काही वर्षं खोदकाम दिसत राहील. पाण्याचंही विचारतात लोक. काही डेटा सेंटरं थंडाव्यासाठी ब्रॉड रन शुद्धीकरण केंद्राचं प्रक्रिया केलेलं पाणी वेगळ्या जांभळ्या नळातून घेतात, पण सगळी नाही.

इथे एक गोष्ट मध्येच. आपले बरेच वाचक पुण्याच्या हवेली-मुळशीतून इकडे आलेले असतात आणि म्हणतात, "बघा, इथे किती नियोजन." तिकडे आधी इमारत, मग टँकर, मग ग्रामपंचायतीची महापालिका, मग ड्रेनेज, हे खरंच आहे. 2025 च्या जानेवारीत सिंहगड रस्त्याच्या नांदेड-किरकटवाडी भागात दूषित पाण्याकडे बोट दाखवणारी गुलियन-बॅरेची साथ आली ती अशाच नव्याने शहरात घेतलेल्या गावांत. लाउडनमध्ये तसं होत नाही, कारण ड्रेनेज किंवा मंजूर सेप्टिक असल्याशिवाय परवानाच नाही. पण म्हणून इथे सगळं जनहिताने ठरतं असं समजू नका. इथे लाइन टाकायचा अधिकार ज्यांच्या हातात आहे त्यांच्या मर्जीने घरांची टंचाई होते. ॲशबर्नच्या शाळेतली शिक्षिका आणि लीसबर्गचा अग्निशामक दलाचा माणूस वेस्ट व्हर्जिनियातून रोज गाडी हाकत येतात. ती वाढ लाउडनच्या आकड्यांत दिसत नाही, शेजारच्या राज्याच्या शेतांवर दिसते. पश्चिम लाउडनच्या कुरणांची किंमत दुसरंच कोणी मोजतंय हे तिथे राहणाऱ्यांना फारसं ऐकायला आवडत नाही.

आता तुमच्या दोन प्रत्यक्ष गोष्टी. घरामागच्या मोकळ्या तुकड्याचं काय होणार हे शेजाऱ्याला किंवा एजंटला विचारू नका. काउंटीचा वेबलॉगिस नावाचा नकाशा सगळ्यांना खुला आहे. त्यात तो तुकडा उघडा आणि दोन वेगळ्या गोष्टी बघा: आजचं झोनिंग काय आणि 2019 च्या आराखड्यात तिथे काय दाखवलंय. दोन्ही जुळत असतील तर तिथे काय येणार हे जवळपास ठरलेलं आहे. जुळत नसतील तर कधीतरी रिझोनिंगचा, म्हणजे झोनिंग बदलून मागणारा, अर्ज येईल आणि तुम्हाला बोलायची संधी मिळेल. अर्ज आलाय का ते काउंटीच्या ऑनलाइन यंत्रणेत कळतं. प्रॉफरचा मसुदा तिथेच असतो. तो वाचा, रंगीत चित्रं वाचू नका, मसुदा वाचा. सुनावणीत "आम्हाला शेत आवडतं" म्हणून काही होत नाही. रस्त्याचा अमुक तुकडा पहिलं घर द्यायच्या आधी पूर्ण झाला पाहिजे, किंवा इमारतीची उंची आणि यंत्रांचा आवाज याला अमुक मर्यादा हवी, असं बोललात तर कर्मचारी टिपून घेतात.

पश्चिमेची जागा: राहायचं असेल तर घ्या, भाव फुटेल म्हणून घेऊ नका. पाच एकरांचा प्लॉट पुढे फोडता येणार नाही. ड्रेनेज येईल या आशेवर संक्रमण पट्ट्याच्या कडेला जमिनी धरून बसलेले लोक आहेत. ते ती गवतासाठी शेतकऱ्याला लावून देतात, शेतीचा कमी कर भरतात आणि वाट बघतात. त्यांना वाट बघायला परवडतं. शेतीची सवलत तुम्हालाही पाच एकरांवर मिळू शकते, पण वापर बदललात तर मागच्या पाच वर्षांचा फरक व्याजासह भरावा लागतो. सातबाऱ्यासारखा इथेही जमिनीचा जुना कागद काढून बघा, विकासाचा हक्क आधीच्या मालकाने सोडून दिलाय का. ल्यूकेट्सच्या बाजूला चुनखडीचा खडक आहे, तिथे जमीन खचून खळगे पडतात आणि विहिरीचं पाणी दूषित व्हायला वेळ लागत नाही, म्हणून त्या भागाला वेगळे नियम आहेत. रस्ता मातीचा असेल तर तो डांबरी होईल असं गृहीत धरू नका, तिथले पुष्कळ लोक तो मातीचाच राहावा म्हणून भांडतात. आणि विकणारा ड्रेनफिल्डचा परवाना दाखवेल, तर तो किती बेडरूमचा आहे ते वाचा. तीन बेडरूमच्या परवान्यावर पाच बेडरूमचं घर बांधता येत नाही.